आवळ्याएवढी गार

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वादळं शोधायला निघणं म्हणजे मृग बरसून गेल्यावर मंडईत हापूस शोधायला जाणं. मिळतो तो नीलम, आणि आत किडा आहे की नाही ते कापल्याशिवाय कळत नाही. हे आम्हाला माहीत होतं. तरी निघालो, कारण मे महिना नवऱ्याच्या ऑफिसातल्या कसल्याशा रिलीजने खाल्ला होता आणि रजा मिळाली ती थेट अठरा जूनपासून, चार दिवस.

वादळांच्या मागे गाडी घेऊन धावण्याचं हे खूळ आमच्या घरात नवऱ्याने आणलं. तो नागपूरचा. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाला आभाळात ढग दिसला की कसा आनंद होतो, ते मी लग्नानंतर पाहिलं. अमेरिकेत डेन्व्हरला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तो बाल्कनीत उभा राहून पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाला होता, "बाप्पा! हे काय होऊन राहिलं?" शंभर मैलांवरचा सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारं मोठं वादळ, होता तो, संध्याकाळच्या उन्हात फुलकोबीसारखा उजळलेला. त्यानंतर गाडी चालवायचं काम त्याचं आणि रडार वाचायचं माझं, अशी वाटणी ठरली. आमची बहुतेक भांडणं या वाटणीतून होतात. मी म्हणते डावीकडे वळ, तो म्हणतो तिकडे कच्चा रस्ता आहे. दोघंही बरोबर असतो.

मी निफाड तालुक्यातली. चार एकर द्राक्षबागेच्या कडेला वाढलेली. ढगाकडे बघून आनंद होणं माझ्या अंगवळणी पडलेलं नाही, पण त्याविषयी पुढे.

सीझन सरत आला की काय होतं, ते थोडं सांगायला हवं. मोठ्या फिरत्या वादळाला खाली दमट हवा लागते, वर थंड हवा लागते, ती दमट हवा वर ढकलणारं काहीतरी लागतं, आणि उंचीबरोबर दिशा नि वेग बदलणारा वारा लागतो. एप्रिल-मेमध्ये जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा जोराचा वारा, टेक्सास-ओक्लाहोमाच्या डोक्यावर असतो, तेव्हा हे सगळं तिथे एकत्र येतं. जून अर्धा झाला की जेट उत्तरेला कॅनडाकडे सरकतो. दक्षिणेकडच्या मैदानांवर उरतो नुसता उकाडा, आणि वर कोरड्या गरम हवेचं झाकण. त्याला इथे कॅप म्हणतात. झाकण घट्ट बसलं की खाली कितीही वाफ कोंडली तरी ढग फुटत नाही.

मग उरतात ती उंच मैदानं, म्हणजे हाय प्लेन्स. पूर्व कोलोराडो, पश्चिम कॅन्सस, नेब्रास्काचा पश्चिमेकडचा चिंचोळा भाग, वायोमिंगची पूर्व कड. नकाशात ती सपाट दिसतात, प्रत्यक्षातही सपाटच दिसतात, पण तशी ती नाहीत. नाशिकच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. डोंगर पश्चिमेला, उतार पूर्वेला, नद्या पूर्वेला, आणि डोंगराच्या आडोशाला पाऊस बेताचा. सह्याद्रीच्या जागी रॉकीज ठेवले आणि गोदावरीच्या जागी आर्कान्सॉ किंवा प्लॅट, की झालं. लायमन नावाचं गाव आहे, हायवेवरचं, पेट्रोल भरायचं. तिथे डोंगर म्हणावा असं काही नाही. पण गावाची उंची ५,३७७ फूट, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम वीसेक फूट कमी. कळसूबाईवर चढताना माझ्या पायांत गोळे आले होते. लायमनला आम्ही कॉफी घेतो.

या उंचीमुळेच उंच मैदानांवर जूनमध्येही काहीतरी शिल्लक राहतं. पूर्वेचा वारा सुटला की तो हा उतार उलटा चढत येतो. प्रत्येक मैलाला हवा थोडी वर उचलली जाते, थोडी गार होते. जमीनच मुळात दीड किलोमीटर वर, त्यामुळे ढगाचा अर्धा जिना आधीच चढून झालेला असतो. ओक्लाहोमात ज्या दमटपणाला कुणी हिंग लावून विचारणार नाही, तेवढा इथे पुरतो. खाली पूर्वेचा वारा, वर पश्चिमेचा, तोही फार जोराचा नाही, पण दिशा उलट्या असल्यामुळे पीळ बसतो. लायमनच्या बाजारपेठेचा बराचसा भाग टॉर्नेडोने उद्ध्वस्त केला तो ६ जून १९९० रोजी, आमच्याकडे मृग लागायच्या तोंडावर.

पहिला दिवस वाया गेला. नेब्रास्कातल्या सिडनीच्या आसपास वादळ फुटेल असा अंदाज होता. आम्ही दुपारी दोनपासून सात वाजेपर्यंत एका पेट्रोल पंपाच्या मागे निळ्याशार आकाशाखाली बसलो. ढगांचे कोंब यायचे, फुगून बसलेल्या पुरीसारखे खाली यायचे. चेसर लोक, म्हणजे आमच्यासारखे वादळांमागे धावणारे, याला बस्ट म्हणतात. चारशे मैल गाडी चालवून हाती लागलं ते मिरचीचं लोणचं म्हणावं असं काहीतरी हिरवं, पंपावरच्या बरणीतलं.

दुसरा दिवस त्याहून वाया. कॅन्ससमधल्या गुडलंडला होतो. तिथे व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं एक अवाढव्य चित्र ऐंशी फुटी घोडीवर चढवून ठेवलंय, ते बघितलं. या भागातले चार जिल्हे सोडून बाकी सगळं कॅन्सस घड्याळात एक तास पुढे आहे, त्यामुळे पूर्वेला दहा-वीस मैल गेलं की फोन वेळ बदलतो आणि नवरा-बायकोत "सहा वाजले" "नाही, सात" सुरू होतं. वादळ झालं, पण रात्री, आम्ही मोटेलात झोपल्यावर, ऐंशी मैल उत्तरेला.

मला विचाराल तर या छंदाचा नव्वद टक्के भाग हा आहे. वाट बघणं, आणि वाट बघताना खायला काही बरं न मिळणं. टॉर्नेडोचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की आम्ही सतत सुसाट धावत असतो. मी डब्यात मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी घेते, ते तिसऱ्या दिवशी दुपारी संपतात.

तिसरा दिवस, वीस जून. ओक्लाहोमातल्या नॉर्मनला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. तिथून दिवसातून पाच वेळा देशाचा नकाशा रंगवून येतो. धोक्याच्या पाच पायऱ्या, त्यातली खालून दुसरी 'स्लाइट', पिवळ्या रंगाची. पूर्व कोलोराडो आणि पश्चिम कॅन्ससच्या सीमेवर एक पिवळा लाडू होता.

"पिवळं दिसून राहिलं," नवरा म्हणाला.

"पिवळं कालही होतं."

"पण वारा बघ ना."

वारा खरंच पूर्वेचा होता, आणि त्याला वास होता, ओल्या मातीचा नाही, हिरव्या चाऱ्याचा. रात्रीच्या वादळाची गार हवा दक्षिणेकडे पसरत इथपर्यंत आली होती, तिच्यात ओल होती.

सकाळी दादांचा फोन आला. म्हणजे त्यांची रात्र. दादांच्या फोनची सुरुवात गेली चाळीस वर्षं एकाच वाक्याने होते, मग समोर कुणीही असो: "पाऊस झाला का?" डेन्व्हरच्या पावसाने निफाडात काही फरक पडत नाही, पण विचारतात. मृग सरत आलं होतं, तिकडे अजून धड पाऊस नव्हता. दादा पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात आणि मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाजही बघतात. दोन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास आहे.

"कुठे आहेस?"

"कॅन्ससला. वादळ बघायला."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. हे त्यांना दर वर्षी नव्याने ऐकावं लागतं. "बघायला," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मग आईकडे फोन दिला.

दुपारभर आम्ही शायेन वेल्स नावाच्या गावात धान्याच्या उंच कोठाराच्या सावलीत बसलो. इकडच्या प्रत्येक गावाला असं एक काँक्रीटचं कोठार असतं, रुळांच्या कडेला, दहा मैलांवरूनही दिसणारं, देवळाच्या कळसासारखं. गव्हाचे ट्रक अजून सुरू झाले नव्हते. दक्षिणेकडे कापणी चालू होती. टेक्सासपासून निघून पिकाबरोबर उत्तरेला सरकत जाणाऱ्या कम्बाइनवाल्यांच्या टोळ्या दोन-चार दिवसांत इथे पोचणार, असं दुकानदार बाई म्हणाल्या. आमच्याकडे मार्चमध्ये पंजाबातून हार्वेस्टर येतात तसंच. लहानपणी त्या हार्वेस्टरमागे धावायचो आम्ही. सरदारजी वरून हात करायचे.

वाट बघताना आमचं बोलणं दर वेळी फिरून टिम सॅमारासवर येतं. कोलोराडोचाच माणूस, टॉर्नेडोंचा अभ्यास करणारा चेसर. २४ जून २००३ रोजी, म्हणजे आमच्यासारख्याच सरत्या सीझनमध्ये, साउथ डकोटातल्या मँचेस्टर या खेड्याजवळ त्याने आपलं यंत्र टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलं. टॉर्नेडो त्यावरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद झाली. मँचेस्टर त्या दिवशी पुसलं गेलं. सॅमारास दहा वर्षांनी, ३१ मे २०१३ रोजी, ओक्लाहोमात एल रेनोजवळ टॉर्नेडोत मरण पावला, मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांच्यासह. टॉर्नेडो अडीच मैलांहून रुंद होता. सगळ्यांत सावध म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, तो. तेव्हापासून आमच्या गाडीत काही नियम आहेत: अंधार पडल्यावर नाही, पावसात लपलेल्याजवळ नाही, आणि दक्षिणेला किंवा पूर्वेला पळायला पक्का रस्ता नसेल तर मुळीच नाही. शिवाय गाडी चालवताना झोप आली तर मोटेल. २०२२मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातली हवामानशास्त्राची तीन मुलं वादळ बघून परत येताना हायवेवरच्या अपघातात गेली. वादळ त्यांच्यापासून केव्हाच लांब गेलं होतं.

पावणेपाचला किट कार्सनच्या दिशेने एक ढग खाली बसला नाही.

हे लक्षात यायला पाच मिनिटं लागतात. बाकीचे कोंब कडेने विरघळतात, याची कड सुरीने कापल्यासारखी राहते. मग डोकं वर जातं आणि पसरायला लागतं. नवरा ठेपल्याचा डबा झाकण न लावता मागच्या सीटवर टाकून गाडीत बसलासुद्धा. आम्ही हायवे ४० धरून पूर्वेला कॅन्ससमध्ये शिरलो, वेस्कनच्या पुढे दक्षिणेकडे एका कच्च्या रस्त्यावर वळलो (यावर भांडण झालं), आणि दोन मैलांवर थांबलो. वादळ वायव्येला, आम्ही त्याच्या पुढ्यात उजव्या हाताला. पळायचा रस्ता मागे मोकळा.

पुढचा पाऊण तास मी धड वर्णन करू शकेन असं वाटत नाही, तरी. कुंभाराच्या चाकावर रांजण चढत असतो, बोटांच्या वळ्या उठलेल्या, तसा तो ढग दिसत होता. वळ्या अख्ख्या ढगाला वेढून होत्या आणि अख्खा ढग फिरत होता, सावकाश, डोळा लावून बघितलं तरच कळावं इतका. पाऊस फारसा नव्हता. उंच मैदानांवरच्या वादळांचं हे वैशिष्ट्य, ती उघडी असतात, त्यांची घडण दिसते. बूड तव्याच्या बुडासारखं काळं नि सपाट. त्याच्या उजव्या अंगाला गारांचा पडदा, आणि त्या पडद्यातून येणारा उजेड शेवाळलेल्या हौदातल्या पाण्याच्या रंगाचा. वारा आमच्या पाठीकडून त्याच्याकडे जात होता. दोन्हीकडे पिकलेला गहू, आणि सगळ्या ओंब्या वादळाच्या दिशेला झुकलेल्या.

मी ओरडत होते. काय ते आठवत नाही. नवऱ्याने काढलेल्या व्हिडिओत माझा आवाज आहे, "ये, ये, ये" म्हणताना. तो व्हिडिओ मी कुणाला पाठवलेला नाही.

तेवढ्यात मागून धुरळा उडवत एक पिकअप आला आणि शेजारी थांबला. सत्तरीचे गृहस्थ, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांनी आधी आमच्या गाडीच्या टपावरचे जुन्या गारांचे पोचे पाहिले, मग आमच्याकडे.

"तुम्ही ते वादळवाले का?"

हो म्हटलं.

ते उतरले आणि आमच्याबरोबर ढगाकडे बघत उभे राहिले. मग रस्त्याच्या कडेला जाऊन त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं, आणि हात माझ्यापुढे धरला. मी दोन दाणे उचलून दाढेखाली धरले. त्यांनी तसं करायला सांगितलं नव्हतं. पण दाणे पुढे केले की चावून बघायचं, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. त्यांच्या लक्षात आलं.

"घरी शेती आहे?"

"वडिलांची. भारतात. द्राक्षं."

"किती?"

"चार एकर."

"चारशे?"

"चार."

ते हसले, वाईट नाही. त्यांचं हे समोरचं शेत एकशेसाठ एकरांचं होतं, आणि ते त्यांच्या शेतांपैकी एक. पण गहू निघतो तो एका तुकड्यातून दोन वर्षांत एकदाच. सप्टेंबरात पेरायचा, पुढच्या जून-जुलैत काढायचा, मग वर्षभराहून जास्त जमीन पडीक ठेवायची, ओल साठवायला. पाऊसच तेवढा. "परवा कम्बाइन येणार होतं," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या फोनकडे मान हलवून विचारलं, "हे काय करणार आहे, सांगता का?"

फोन नुकताच कोकलला होता. गुडलंडच्या हवामान कार्यालयाचा इशारा होता, वादळ आग्नेयेला ताशी वीस मैलांनी सरकतंय. रडारवर गारांचा भाग जांभळ्याच्या पलीकडे पांढरा झाला होता. मी अंतर मोजलं. या कामात मी बरी आहे, मिनिटांत फार चुकत नाही. आम्ही जिथे उभे होतो तिथली मिनिटं मोजायला मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, मी ती नेहमी स्वतःच्या पळण्यासाठी मोजते.

"साधारण पंचवीस मिनिटं," मी म्हटलं.

"केवढ्या?"

"गोल्फच्या चेंडूएवढ्या लिहिलंय."

अमेरिकेत गारा नाण्यांत आणि चेंडूंत मोजतात. पाव डॉलरचं नाणं म्हणजे एक इंच, तिथून पुढे 'तीव्र' वादळ. मग गोल्फ, टेनिस, बेसबॉल, सॉफ्टबॉल. साउथ डकोटात व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० रोजी आठ इंची गार पडली, देशातली सगळ्यांत मोठी, तिला पुरेसा चेंडूही नाही. आमच्याकडे गारा खाण्याच्या वस्तूंत मोजतात. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी. गोल्फच्या चेंडूला आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

मार्च २०१४. मी पुण्यात पहिल्या नोकरीत होते. फेब्रुवारीच्या शेवटापासून महाराष्ट्रात गारपिटीने थैमान घातलं होतं, मराठवाडा, विदर्भ, आमच्याकडे, दोन-तीन आठवडे रोज कुठे ना कुठे. आमची थॉमसनची बाग उतरायला आलेली. व्यापारी सौदा करून गेला होता, तोड दोन दिवसांवर. दुपारी आईचा फोन आला.

"गारा पडल्या."

"केवढ्या?"

"आवळ्याएवढ्या."

दादा फोनवर आले नाहीत. रविवारी गेले तेव्हा बाग लांबून ठीक दिसत होती. जवळ गेलं की वास यायचा, आंबूस, गुळाच्या गुऱ्हाळात येतो त्याच्या पुढचा. घडांच्या एका अंगाचे मणी फुटून रस निथळलेला, दुसऱ्या अंगाचे शाबूत. वेलींच्या साली पश्चिमेकडून सोललेल्या. आजी तेव्हा होती. गारा सुरू झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे विळा अंगणात फेकला होता, आकाशाला दाखवायला. तो तिथेच पडलेला होता, कुणी उचलला नव्हता. पंचनाम्याला माणूस आला तोवर तीन आठवडे गेले, दादांनी घड तोडून खतात टाकले होते. पंचनामा कशाचा करायचा, असा प्रश्न त्याला पडला. मग वेलींचा केला.

पुढे एकदा मी दादांना म्हटलं होतं की आता रडार आहे, फोनवर आधी कळतं. ते म्हणाले, "कळून काय? बाग काय घरात घेता येते?"

म्हातारे गृहस्थ घड्याळाकडे बघत होते. पंचवीस मिनिटांत ते काय करणार, याचा हिशेब मीही करत होते. त्यांनी पिकअपला हात लावला, म्हणाले की गाडी शेडमध्ये घालतो, तुम्हीही निघा. एक पाय आत टाकून ते थांबले. "सुंदर आहे मात्र," ढगाकडे बघून ते म्हणाले, आणि गेले.

चेसर लोकांकडे या प्रसंगासाठी एक ठरलेलं उत्तर आहे. आम्ही गेलो नाही तरी वादळ येणारच होतं, आम्ही काही ते आणत नाही. उलट आमच्यातले कितीतरी जण हवामान कार्यालयाला जागेवरून कळवतात, त्याने जीव वाचतात. हे खरं आहे. मी स्वतः कळवते. पण तीन दिवस मी सकाळी उठून ज्या नकाशावर पिवळा रंग शोधत होते, त्याच नकाशाच्या खाली हा गहू उभा होता. मी वादळ आणलं नव्हतं, मागितलं होतं. निफाडात आमच्या गल्लीत कुणी असं मागितलं असतं, तर त्याला आजीने काय केलं असतं ते सांगवत नाही. आणि एवढं सगळं मनात असतानाही, गाडी वळवताना मी मागच्या काचेतून बघत होते की खाली सोंड उतरते का.

उतरली. बुडापासून निम्म्यापर्यंत, करडी, बारीक, मिनिटभर. जमिनीला लागली नाही. नवरा म्हणाला, "अजून थोडं, अजून थोडं," मग गप्प बसला.

दोन मैल दक्षिणेला थांबून आम्ही गारा ऐकल्या. बघण्याआधी त्या ऐकू येतात, वरच, ढगात, मालगाडी लांबच्या पुलावरून जात राहावी तसा न थांबणारा आवाज. मग पांढरा पडदा रस्त्यावरून गेला, आम्ही जिथे उभे होतो तिथूनच. मी सांगितल्यापेक्षा चार मिनिटं उशिरा. आठच्या सुमाराला ऊन पश्चिमेकडून खालून घुसलं आणि पूर्वेकडे सरकलेला ढग आतून पेटल्यासारखा झाला, सगळी अधांतरी लोंबणारी गाठोडी केशरी. अशा वेळी फोटो चांगले येतात. ते मी काढले, शंभरेक तरी.

रात्री शॅरन स्प्रिंग्जच्या मोटेलात पार्किंगमध्ये आणखी दोन गाड्या होत्या, चेसरांच्याच. बर्फाच्या पेटीत गारा ठेवून माप घेणं चाललं होतं. एका मुलाने एक माझ्या हातावर ठेवली. कापली असती तर आत कांद्यासारखे पदर दिसले असते, दुधी, पारदर्शक, दुधी, ढगात किती तऱ्हेच्या थरांतून गेली त्याचा जमाखर्च. मी ती हातात विरघळू दिली. नवरा म्हणाला, "झोप ना आता." झोपले.

सकाळी घरी जाताना आम्ही त्या रस्त्याने गेलो. जायला नको होतं, रस्ता रात्रीच्या पावसाने चिकण झाला होता आणि गाडी दोनदा आडवी झाली. गारांच्या पट्ट्याची कड किती धारदार असते हे मी वाचलं होतं. रस्त्याच्या पश्चिमेकडचा गहू जसाच्या तसा उभा, दव पडलेला. पूर्वेकडे ताटं मोडून गुडघ्याखाली आलेली, ओंब्या चिखलात, आणि भिजलेल्या भुशाचा वास. खड्ड्यात अजून गारांचा ढीग शिल्लक होता, वर काड्या चिकटलेल्या. म्हाताऱ्यांनी काल ओंबी कोणत्या बाजूची तोडली होती ते मला आठवेना. नवऱ्यालाही नाही. व्हिडिओत बघितलं, त्यात नुसता ढग होता.

पिकअप कुठे दिसला नाही. मी दोन्हीकडची एकेक ओंबी तोडून गाडीच्या खणात ठेवली.

लायमनला कॉफी घेताना दादांचा फोन आला.

"पाऊस झाला का?"

"झाला. गारा."

"केवढ्या?"

सांगितलं. मग गव्हाचं सांगितलं, दोन वर्षांतून एकदाच्या पिकाचं, परवा येणाऱ्या कम्बाइनचं. ते ऐकत होते.

"विमा होता का त्यांचा?"

मी विचारलं नव्हतं.

"गहू कसला?"

"लाल. आपल्यापेक्षा बारीक दाणा."

"चावून बघितलास?"

"हो."

"कट्‌ वाजला?"

"वाजला."

"मग झालाच होता की तो," दादा म्हणाले.